परसबाग आणि शेजारचं शिवार

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव लागतं. पाऊस बेताचा, पण मुठा कालव्याच्या आणि विहिरींच्या पाण्यावर आजूबाजूला ऊस, कांदा, गहू, हरभरा उभा असतो. उत्तरेला भीमा ओलांडली की शिरूर तालुका सुरू होतो. इथे बागायतीची हौस जुनी आहे. पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केडगावला जमीन घेतली, ती फळझाडं लावून आपल्या संस्थेला उत्पन्न मिळावं या विचाराने. पुढे दुष्काळात आणलेल्या मुली आणि स्त्रिया तिथे राहू लागल्या आणि मुक्तिसदन उभं राहिलं. आज केडगावच्या वाडी-वस्तीवर घरामागे चार वांगी, दोन ओळी मिरची, मांडवावर दोडका आणि मोरीच्या पाण्यावर अळू दिसतं. 2020 पासून ‘उमेद’ अभियानाने बचत गटांतल्या बायकांना पोषण परसबागेसाठी प्रोत्साहन दिलं, तेव्हापासून ही हौस आणखी वाढली.

शहरातल्या गच्चीवरची बाग आणि ही परसबाग यांत मोठा फरक आहे. गच्चीवरच्या बागेला शेजार असतो सिमेंटचा. केडगावच्या परसबागेला चारी बाजूंनी शेकडो एकरांचं शिवार आहे. वांग्यावरची अळी, कोबीवरचा मावा, टोमॅटोला चोच मारणारा बुलबुल ही मंडळी तुमच्या चार वाफ्यांसाठी जन्माला आलेली नाहीत. शिवारातलं पीक तयार झालं, कापलं गेलं, वाळलं, की ती हिरव्या आडोशाकडे सरकतात. म्हणून परसबाग राखण्याची पहिली युक्ती बाटलीत सापडत नाही. बांधावर उभं राहून आज शेजारी काय काढणीला आलंय हे बघितलं, की पुढच्या पंधरवड्यात आपल्याकडे कोण येणार याचा अंदाज बांधता येतो.

कोणतं पीक निघालं, कोण आलं

हरभऱ्याच्या घाट्यात डोकं खुपसून बसणारी घाटेअळी आणि टोमॅटोला भोक पाडणारी अळी हा एकच कीटक आहे. कपाशीवर तीच अमेरिकन बोंडअळी म्हणून ओळखली जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा निघतो. त्या वेळी उडालेल्या पतंगांना अंडी घालायला हिरवं, फुललेलं झाड लागतं आणि घरामागचा टोमॅटो नेमका तेव्हा फुलात असतो. रब्बी कांदा काढला, की त्यावरचे फुलकिडे कोबी आणि काकडीकडे जातात. मिरचीचं पान वर वळवून बोकड्या आणणारे फुलकिडे मात्र बहुधा वेगळ्या जातीचे असतात. त्यांचा दोष कांद्यावर ढकलून चालणार नाही. कारखान्याची टोळी येऊन ऊस तुटला, की फडातले उंदीर आणि घुशी बांधाबांधाने घराकडे येतात.

या हालचाली बहुतेक दरवर्षी त्याच क्रमाने होतात. त्यामुळे तारीखवार फवारणीचा तक्ता भिंतीवर लावण्यापेक्षा शेजाऱ्याला ‘काढणी कधी?’ हे विचारणं जास्त उपयोगी. त्याने दिवस सांगितला, की जाळी, सापळा किंवा कागदी पिशवी आधीच तयार ठेवता येते. कीड दिसल्यावर धावपळ करणाऱ्याला नेहमी उशीर झालेला असतो.

पावसाळा: जमिनीतून येणारे शत्रू

मृगाच्या पावसानंतर काकडी, दोडका, भोपळा यांची रोपं दोन पानांवर असतात. तेव्हाच लाल भुंगेरे येतात आणि कोवळी पानं चाळणीसारखी करून टाकतात. चार-पाच खरी पानं फुटेपर्यंत रोप टिकलं, तर पुढे वेल भुंगेऱ्यांना पुरून उरतो. म्हणजे राखण तीन आठवड्यांचीच. बांबूच्या कामट्या वाकवून त्यावर पातळ मलमल किंवा कीटकरोधक जाळी टाकली, कडा मातीने दाबल्या, की काम होतं. भल्या पहाटे भुंगेरे गारठलेले असतात. त्या वेळी हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकता येतात. फुलं आली की जाळी काढायलाच हवी, नाहीतर मधमाश्या आत येणार नाहीत आणि वेल नुसताच वाढेल.

त्यानंतर येते फळमाशी. दोडका किंवा कारलं बोटाएवढं असतानाच मादी सालीखाली अंडी घालते. अळ्या आतला गर खातात, फळ वाकडं होतं, पिवळं पडतं आणि गळतं. अळी मग जमिनीत उतरून कोष करते आणि नवी माशी बनून वर येते. या चक्रातली कच्ची कडी म्हणजे गळलेलं फळ. ते वाफ्यात किंवा उकिरड्यावर पडू दिलं, तर आपणच पुढची पिढी पोसतो. रोज संध्याकाळी किडकी फळं वेचून प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून उन्हात ठेवावीत किंवा दोन फूट खोल पुरावीत. वेलाखालची माती अधूनमधून उकरून घरच्या कोंबड्या सोडल्या, तर कोष त्या टिपतात. फळ धरल्यावर दोन-तीन दिवसांत कागदी पिशवी चढवली, तर माशीला जागाच उरत नाही. घरच्या वेलावर दहा-वीस फळं असतात, त्यामुळे हे काम जड जात नाही.

फळमाशीचा सापळा आणताना एक गोष्ट तपासून घ्यावी. आंबा आणि पेरूवरच्या माशीसाठी मिथाइल युजेनॉलचं आमिष लागतं, वेलवर्गीय भाज्यांवरच्या माशीसाठी क्यू-ल्युअर. दुकानात दोन्ही सारख्याच डब्यात मिळतात. चुकीचं आमिष आणलं तर सापळ्यात माश्या दिसतील, पण त्या शेजारच्या आंब्यावरच्या असतील आणि आपला दोडका तसाच किडत राहील.

पावसाळ्यातली तिसरी मंडळी गोगलगाईंची. 2022 च्या खरिपात लातूर आणि धाराशिव भागात शंखी गोगलगाईंनी सोयाबीनची उगवण फस्त केली, तेव्हा राज्यभर त्यांची चर्चा झाली. हा प्राणी मूळचा आफ्रिकेचा. 1847 मध्ये तो मॉरिशसहून कलकत्त्याच्या एका बागेत हौसेने आणला गेला आणि तिथून देशभर पसरला. त्याच्यावर साधा उपाय आहे. संध्याकाळी वाफ्याच्या कडेला ओली गोणपाटं पसरायची, सकाळी त्यांच्याखाली लपलेल्या गोगलगाई हातमोजे किंवा चिमटा वापरून गोळा करायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. उघड्या हाताने त्यांना धरू नये, कारण त्यांच्यातून माणसाला अपायकारक परजीवी जंत जाऊ शकतात. मीठ बादलीतच राहू द्यावं. केडगावच्या भारी काळ्या जमिनीत आधीच क्षार साठतात, वाफ्यात मीठ टाकून त्यात भर घालू नये.

हिवाळा: वांगं, कोबी आणि झेंडूचा गैरसमज

वांग्याचा शेंडा दुपारी मान टाकतो आणि संध्याकाळी पाणी देऊनही उठत नाही. हे शेंडे आणि फळे पोखरणाऱ्या अळीचं काम. ही कीड इतकी चिवट आहे की तिच्यासाठी जालन्याच्या महिको कंपनीने जनुकबदल केलेलं बीटी वांगं तयार केलं. ऑक्टोबर 2009 मध्ये तज्ज्ञ समितीने त्याला हिरवा कंदील दाखवला, पण फेब्रुवारी 2010 मध्ये केंद्र सरकारने त्यावर स्थगिती आणली. परसबागेत या वादात शिरण्याची गरज नाही. मलूल शेंडा दिसताच तो इंचभर खालून कापायचा आणि जाळून टाकायचा. अळी शेंड्याच्या आत असते, वरून फवारलेलं काही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. कात्री पोहोचते. पाच-सहा झाडांना कामगंध सापळा एक पुरतो, मात्र त्याची वडी मुदतीत बदलायला हवी.

टोमॅटोभोवती झेंडू लावावा, असं सगळेच सांगतात. पण का, हे फार थोडे सांगतात. झेंडूच्या वासाने अळी पळते असा समज आहे. खरं तर फळ पोखरणाऱ्या अळीच्या मादीला झेंडूचं फूल आवडतं आणि ती टोमॅटो सोडून तिथे अंडी घालते. म्हणजे झेंडू हे सापळा पीक आहे. त्यासाठी टोमॅटो फुलात येईल तेव्हा झेंडूही फुललेला हवा. म्हणून पंचवीस दिवसांच्या टोमॅटोच्या रोपांसोबत चाळीस दिवसांचं झेंडूचं रोप लावायची शिफारस आहे. आणि झेंडूवर आलेली अंडी, अळ्या वेचून नष्ट करायच्या. नुसती फुलं बघत बसलं, तर अळ्यांसाठी आपण खानावळच उघडली.

कोबी आणि फुलकोबीला तेच तत्त्व मोहरीचं. चौकोनी ठिपक्यांचा पतंग कोबीपेक्षा मोहरीवर अंडी घालणं पसंत करतो. कोबी लावण्याआधी पंधरा दिवस वाफ्याच्या कडेने मोहरी पेरावी आणि पहिली जुनी होईल तशी दुसरी फेर करावी. मोहरीवर मावाही जमतो; तो पुष्कळ झाला की तिचा शेंडाच खुडून टाकता येतो.

2002 चा धडा

जुलै 2002 मध्ये सांगली जिल्ह्यात उसावर पांढरा, कापसासारखा मावा दिसला. लोकरी मावा म्हणून तो ओळखला जाऊ लागला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या पट्ट्यात पसरला, पुणे जिल्ह्यातही आला. पानं काळी पडली. दहा-बारा फूट उंच, दाट फडात फवारा घेऊन शिरणं अशक्य, आणि कितीही फवारलं तरी पानाच्या मागे मावा शिल्लक. शेवटी कामाला आले ते माव्यावर जगणारे कीटक: कोनोबाथ्रा या नावाने शेतकऱ्यांना माहीत झालेली डिफा अळी, मायक्रोमस, आणि एन्कार्सिया नावाची इवलीशी गांधीलमाशी. जिथे ते वाढले होते, तिथल्या उसाची पानं कापून शेतकऱ्यांनी ती दुसऱ्या फडात नेऊन बांधली. जिथे आंधळेपणाने औषध मारलं गेलं, तिथे हे मित्रकीटकच आधी मेले.

केडगावसारख्या उसाच्या गावात परसबाग करणाऱ्याने हा प्रसंग लक्षात ठेवावा. शेजारचा ऊस हा फक्त उंदरांचा आडोसा नसतो. कोळी, ढालकिडे, क्रायसोपा अशा कित्येक मित्रांचं ते घर असतं. चवळीच्या शेंड्यावर मावा दिसला, तर लगेच फवारा उचलू नये. भिंग घेऊन बघावं. लाल-काळे ठिपके असलेला ढालकिडा सगळे ओळखतात, पण त्याची काळी, मगरीच्या आकाराची अळी कीड समजून मारली जाते; ती प्रौढ किड्याइतकीच, कधी त्याहून जास्त मावा खाते. फुगलेला, तपकिरी, न हलणारा मावा दिसला, तर त्याच्या पोटात परोपजीवी गांधीलमाशीचं पिल्लू वाढतंय असं समजावं. असा मावा पानावर तसाच ठेवावा. किडीच्या अंड्यांवर जगणाऱ्या गांधीलमाश्यांचं ट्रायकोकार्ड आणायचं असेल, तर एक कार्ड चार-पाच घरांत मिळून कापून घ्यावं. त्यावर हजारो अंडी असतात, एका परसबागेला तेवढी लागत नाहीत. कार्ड लावल्यावर काही दिवस औषध मारू नये, नाहीतर विकत आणलेले मित्र आपणच मारू.

पाखरं

थंडीत भोरड्यांचे थवे उतरतात. पूर्वी रब्बी ज्वारी निसवली, की माळ्यावर चढून गोफण फिरवायचं काम घरातल्या पोरांकडे असायचं. उसाच्या बागायतीत ज्वारी कमी झाली, तशी राखणही कमी झाली. पाखरं मात्र तेवढीच आहेत आणि जिथे हिरवं, पिकलेलं दिसेल तिथे उतरतात.

परसबागेत पाखरांचे तीन हल्ले असतात. पहिला पेरणीच्या दिवशी: पारवे आणि चिमण्या मेथी, कोथिंबीर, वाटाण्याचं बी टिपतात. उगवेपर्यंत वाफ्यावर ओलं बारदान किंवा पाचट पसरलं की भागतं. बारदानाने ओलही टिकते. दुसरा हल्ला फळ पिकताना: बुलबुल, साळुंकी आणि पोपट. टोमॅटो झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यायचा हट्ट सोडावा. बुडाशी रंग धरला की तोडून घरात ठेवला, तरी तो नीट पिकतो, कारण पिकण्याची क्रिया तोवर फळात सुरू झालेली असते. एवढ्या एका सवयीने चोचीचं नुकसान निम्म्याहून कमी होऊ शकतं. तिसरा हल्ला उन्हाळ्यात, तहानेपोटी. एप्रिल-मेमध्ये टोमॅटो-काकडीला मारलेली चोच बरेचदा पाण्यासाठी असते. बागेपासून थोड्या अंतरावर सावलीत उथळ भांड्यात पाणी ठेवावं.

तिखटाचं पाणी फवारून पाखरं पळत नाहीत. मिरचीचा दाह सस्तन प्राण्यांना जाणवतो, पक्ष्यांना नाही. पिकलेली मिरची पक्षी आवडीने खातात आणि तिचं बी दूरवर पसरवतात. उंदीर आणि खार यांच्यासाठी मात्र तिखट कामी येतं. शत्रू कोण हे ओळखल्याशिवाय उपाय निवडला की असं होतं.

बुजगावणं, जुन्या सीडी, चमकफीत हे सगळं काही दिवस चालतं. पाखरं हुशार असतात. एकाच जागी उभा असलेला, न हलणारा माणूस त्यांच्या लवकर ध्यानात येतो. दर तीन-चार दिवसांनी जागा आणि रूप बदललं, तर परिणाम टिकतो. हमखास उपाय जाळीचा. पण जाळी निवडताना जीव वाचवण्याचाही विचार हवा. बारीक, सैल, पारदर्शक नायलॉनच्या जाळीत पाखरं तर अडकतातच, धामणीही अडकून मरतात आणि धामण म्हणजे तर उंदरांचा काळ. जाड धाग्याची, पांढरी, ताणून बांधलेली जाळी घ्यावी, ती जमिनीपासून वर उचलून धरावी आणि रोज सकाळी एकदा बघावी.

शिरूर तालुक्यातलं मोराची चिंचोली हे गाव चिंचेच्या झाडांसाठी आणि मोरांसाठी प्रसिद्ध आहे. अंगणात नाचणारा मोर पर्यटकाला आवडतो. कोवळी रोपं, मिरच्या आणि भुईमूग टिपणारा मोर शेतकऱ्याला सोसावा लागतो. मोर 1963 पासून राष्ट्रीय पक्षी आहे आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. त्याला मारणं किंवा विष घालणं हा गुन्हा असून त्यासाठी सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोपटालाही कायद्याचं संरक्षण आहे. तेव्हा रोपांवर काटेरी फांद्या आडव्या टाकणं किंवा वाफ्यावर कमानी करून जाळी ताणणं हाच मार्ग.

आणि पाखरांचं देणंही मोजावं. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिलांना अळ्या भरवते. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या संस्थेच्या पुढाकाराने 2010 पासून 20 मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. कोतवाल आणि वेडा राघू दाण्याला हातही लावत नाहीत; ते उडते कीटक टिपतात. वाफ्यात इंग्रजी टी अक्षरासारखा पक्षीथांबा रोवला, की कोतवाल त्यावर बसून पहारा करतो. फळं पिकू लागली की मात्र हा थांबा काढून घ्यावा, नाहीतर बुलबुलालाही बसायला आयती जागा मिळते.

उन्हाळा आणि घरचं औषध

उन्हाळ्यात भेंडी, वांगी, घेवडा यांच्या पानामागे बारीक जाळं आणि लाल ठिपके दिसतात. हे लाल कोळी. ते कीटक नव्हेत, त्यांना आठ पाय असतात. नेहमीच्या कीटकनाशकाने त्यांचे शत्रू मरतात आणि कोळी उलट वाढतात. रस्त्याची धूळ बसलेल्या झाडांवर ते अधिक फोफावतात. दोन-तीन दिवसांआड पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारला, की ते धुऊन निघतात. पांढऱ्या माशीसाठी पिवळे आणि फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे लावावेत. भेंडीच्या शिरा पिवळ्या पडल्या, म्हणजे केवडा आला, तर ते झाड उपटून टाकणं भाग आहे. विषाणूवर औषध नाही, आणि पांढरी माशी तो दुसऱ्या झाडाला नेते.

एवढं करूनही फवारावं लागलं, तर निंबोळी अर्क. जून-जुलैत पडलेल्या निंबोळ्या गोळा करून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवाव्यात. पन्नास ग्रॅम निंबोळी पावडर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, त्यात थोडं साबणाचं पाणी घालून फवारावं. वेळ संध्याकाळची, कारण उन्हात त्यातला अझाडिरॅक्टिन लवकर निकामी होतो. कडुनिंबाची ताकद दिल्लीतल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 1962 मध्येच दाखवून दिली होती. निंबोळीचा अर्क मारलेल्या पिकाला टोळांनी तोंड लावलं नाही. अळी मात्र लगेच मरून पडत नाही. ती खाणं सोडते, तिची कात नीट पडत नाही. दोन-तीन दिवस धीर धरावा लागतो.

चुलीची राख मावा आणि भुंगेऱ्यांवर उपयोगी आहे, पण ती पानावर हलका धुरळा म्हणूनच हवी. चुनखडीच्या जमिनीत राखेची टोपली ओतली, तर माती अधिकच विम्ल होते. तंबाखूचा काढा टाळावा. निकोटिन त्वचेतून अंगात जातं, शिवाय तंबाखूतला मोझॅइक विषाणू टोमॅटो आणि मिरचीला लागतो. मिश्री लावलेला किंवा तंबाखू मळलेला हात साबणाने धुतल्याशिवाय रोपांना लावू नये.

सगळ्यात मोठा धोका शेतातून उरलेल्या बाटलीचा. कांद्याला आणलेलं औषध थोडं उरलं, म्हणून ते घरच्या मिरचीवर मारलं जातं आणि दुसऱ्या दिवशी तीच मिरची ठेच्यात जाते. प्रत्येक औषधाला फवारणी आणि तोडणी यांतलं ठरावीक अंतर पाळावं लागतं, आणि रोज तोडा होणाऱ्या परसबागेत ते पाळणं जवळपास अशक्य आहे. मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावरचा वापर 2005 मध्येच बंद करण्यात आला. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. घराच्या भिंतीला लागून असलेल्या वाफ्यात, जिथे मुलं खेळतात आणि कोंबड्या चरतात, तिथे लाल त्रिकोणाच्या बाटलीला जागा नाही.

शेवटी क्रम एवढाच ध्यानात ठेवावा: आधी शिवार बघा, मग आडोसा करा, मग हाताने वेचा, आणि सगळ्यात शेवटी निंबोळी अर्क. शंभरातली दहा-पंधरा वांगी किडली, पाच टोमॅटो बुलबुलाने खाल्ले, तर तो तोटा मानू नका. उरलेली भाजी बिनविषाची असते आणि बाजारात पैसे मोजूनही ती खात्रीने मिळत नाही. यंदा निंबोळ्या पडू लागल्या की पायलीभर गोळा करून ठेवा. हिवाळ्यात दुकानाच्या पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत.